डीव्हीडी बचाव मोहीम: १४३ डिस्क झाल्या, पाठवणी सापडली

घरच्या जुन्या डीव्हीडी सडून जायच्या आत वाचून कॉम्प्युटरवर उतरवायची आमची मोहीम चालू आहे. मागच्या वेळी ८० डिस्कवर थांबलो होतो. गणपतीत गुहागरच्या घरचं कपाट उपसलं, तिथला खोका पुण्याला आणला आणि गाडी १४३ वर पोचली. सगळ्या २००५ ते २०११ मधल्या, घरी किंवा गल्लीतल्या दुकानात राईट केलेल्या. कारखान्यात छापून येणाऱ्या सिनेमाच्या डीव्हीडी यात धरलेल्या नाहीत. राईट करायच्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरात उमटते, छापील डिस्कमध्ये तो थरच नसतो, त्यामुळे तुलनाच नको.

हिशेब असा: १२१ डिस्क पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा माहितीचा छोटा कप्पा) शेवटच्यापर्यंत विनातक्रार वाचल्या गेल्या. १५ अर्धवट. ७ ड्राइव्हने ओळखल्याच नाहीत, पण त्यातल्या ४ खराब नव्हत्याच. टीव्हीखालच्या रेकॉर्डरवर भरून आम्ही त्या फायनलाइज करायलाच (लिखाण पुरं करून डिस्क बंद करायला) विसरलो होतो. आयसोबस्टर या डिस्कमधला डेटा काढणाऱ्या सॉफ्टवेअरने आतला सगळा माल काढून दिला. पंधरा वर्षं त्या बिचाऱ्यांना 'सडलेल्या' म्हणत होतो.

आता मुद्द्याचं. घरात कुणालाही विचारा, "डीव्हीडी चालतेय का?" उत्तर येतं, "हो, परवाच लावली होती, मस्त चालते." लावलेली असते दहा मिनिटं. डीव्हीडीचं लिखाण आतल्या कड्यापासून सुरू होऊन बाहेर जातं आणि दुखणं बहुतेक वेळा बाहेरच्या कडेला सुरू होतं. ०.६ मिमीच्या दोन चकत्या चिकटवून ती बनते. कडेचा डिंक सुटला की हवा आणि ओल आत शिरते. राईट करतानाही कडेला आधीच थोड्या जास्त चुका पडलेल्या असतात. म्हणजे मेनू झकास, सीमंतपूजन झकास आणि पाठवणी गायब. माझ्या १५ अर्धवटांपैकी १३ जणींची बोंब शेवटच्या पाव भागातच आहे. याउलट जेमतेम दोन-अडीच जीबी भरलेल्या डिस्कमधली एकही या यादीत नाही. त्या कदाचित तितक्याच आजारी असतील, पण कडेला काही लिहिलेलंच नाही, तर जाणार काय?

म्हणून चालवून बघणं ही परीक्षा नव्हे. पूर्ण वाचा आणि जमलं तर स्कॅन करा, म्हणजे वाचताना किती चुका पडतात ते मोजा. मी नीरो डिस्कस्पीड वापरतो, लिनक्सवाल्यांना क्यूपीएक्सटूल आहे. आठ ईसीसी ब्लॉकांमागे (चुका दुरुस्त करण्यासाठी बांधलेले ३२ केबीचे गठ्ठे) पीआय चुका, म्हणजे वाचताना पडणाऱ्या पण ड्राइव्हला दुरुस्त करता येणाऱ्या चुका, २८० च्या खाली हव्यात हे प्रमाण आपल्याला पाठच आहे, पण त्या आकड्याला देव मानू नका. माझ्या जुन्या लाइटऑन ड्राइव्हवर दीडशे दाखवणारी डिस्क दुसऱ्या ड्राइव्हवर चारशे दाखवते. एकच ड्राइव्ह, एकच वेग धरायचा आणि दरवर्षीचा आलेख आधीच्याशी ताडून बघायचा. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हवर तर हे करूच नका.

गुहागरच्या खोक्यातल्या नऊ डिस्कवर पांढरट बुरशीची जाळी होती. नळाखाली भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ कापड, मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल नाही. नवाच्या नऊ वाचल्या. बुरशी वरवरची असते, डिंकाचं दुखणं आतलं. (बाल्कनीत कबुतरांसाठी टांगलेली एक डिस्क सहज लावून पाहिली. दोन वर्षं ऊन खाल्लेली, ड्राइव्हने ओळखही दाखवली नाही. कबुतरं मात्र अजून येतात.)

आता पाठवणी. मावशीचं लग्न १९९४ चं. व्हीएचएस कॅसेटवरून २००७ मध्ये दुकानातून डीव्हीडी करून घेतली, दोन प्रती, वर नवरा-नवरीच्या फोटोचं कागदी स्टिकर. आमच्याकडच्या प्रतीचं स्टिकर एका बाजूने उचललं गेलंय, डिस्क फिरताना ड्राइव्ह गिरणीसारखा घरघरतो. मूळ कॅसेट घर बदलताना भंगारात गेली.

डीडीरेस्क्यू (खराब डिस्कमधून वाचेल तेवढं काढणारं सॉफ्टवेअर) लावलं, सेक्टर २०४८ बाइटचा सांगितला, पहिल्या फेरीत अडेल तिथून पुढे उडी. साडेतीन जीबीपर्यंत सुसाट, मग रखडपट्टी. रात्रभर चालवून, ड्राइव्ह बदलूनही ६१ एमबी राहिलेच. ६१ एमबी म्हणजे फार नाही असं वाटेल. पण ते सलग नव्हते, तुकड्यातुकड्यांत विखुरले होते, आणि डीव्हीडीच्या एमपेग-२ व्हिडिओमध्ये एक तुकडा गेला की पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत अर्धं-पाऊण सेकंद चित्राचे चौकोन होतात. शेवटची सात-आठ मिनिटं बघवत नव्हती.

मग मावशीकडची प्रत मागवली. तीही कडेला गेलेलीच, पण दोन्ही एकाच इमेजवरून (पूर्ण डिस्कच्या एकाच फाइलवरून) राईट केलेल्या होत्या: नाव तेच, आकार बाइटला बाइट तोच. चांगल्या भागातले काही तुकडे एमडी५ (डेटाचा ठसा काढायची पद्धत) लावून जुळवले, तंतोतंत. मग तीच मॅप फाइल (कुठले सेक्टर वाचायचे राहिले याची डीडीरेस्क्यूची नोंद) ठेवून ट्रेमध्ये फक्त डिस्क बदलली. एकीला पडलेली भोकं दुसरीच्या सेक्टरांनी भरत गेली. दोघी सडल्या होत्या, पण वेगवेगळ्या जागी. समोर बसून आकडा उतरताना बघत होतो: ६१ एमबी, १८, ४, शेवटी ३५२ केबी. म्हणजे ३२ केबीचे अकरा ब्लॉक. तिथे चित्र क्षणभर फुटतं, बाकी सगळं आलं.

ही युक्ती दुकानाने दोन्ही प्रती एकाच इमेजवरून मारल्या म्हणून जमली. प्रत्येक वेळी कॅसेट नव्याने लावून रेकॉर्ड केली असती, तर सेक्टर जुळले नसते. तेव्हा नातेवाइकांकडच्या प्रती 'तीच तर आहे' म्हणून सोडू नका, आधी आकार विचारा.

क्लिप मावशीला पाठवली. तिचा फोन आला: "अरे, मी एवढी रडले होते? आणि मागे खुर्चीत पेपर वाचत बसलाय तो कोण?" तो माझा बाप.

पुढचा टप्पा हँडीकॅमच्या ८ सेंमीच्या बारक्या डिस्क, एकूण २६. ट्रेमधल्या आतल्या खोबणीत त्या नीट बसतात, फटीतून डिस्क गिळणाऱ्या ड्राइव्हमध्ये चुकूनही घालू नका. पहिल्या तीन वाचून झाल्यात, चौथी फायनलाइज केलेली नाही.