पन्हाळा काय वाईट होता?

हळदी-कुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, कोल्हापुरात कपिलतीर्थ मंडईत भाजी घेताना, जिथं गाठतील तिथं मला एकच प्रश्न विचारतात. "आराम करायला गेला होता म्हणता, मग त्यासाठी एवढं बालीला कशाला? पन्हाळा काय वाईट होता?" परवा आमच्या चुलत जाऊबाई चटणी न्यायला आल्या, त्यांनी तर उंबऱ्यातच विचारलं. तेव्हा माझे हात चटणीत होते. आता सवडीनं सांगते.

पन्हाळा अजिबात वाईट नाही. आम्ही आधी तिथंच गेलो होतो. भिशीतल्या अकराजणी, दोन रात्री. सज्जा कोठीजवळ वारं खात बसलो, झुणका-भाकरी खाल्ली, आणि रात्री साडेनऊला पहिला फोन आला. एकीच्या घरचा गॅस संपला होता आणि दोन टाक्यांतली भरलेली कुठली ते चार माणसांना कळेना. उचलून बघा म्हटलं तर म्हणे दोन्ही जडच लागतात. सकाळी दुसरीचा मुलगा मोटारसायकल घेऊन दारात हजर. "आई, आजीला बरं वाटंना झालंय, तूच चल." बरं वाटंना म्हणजे काय, तर आमटी अळणी झाली होती. दुपारपर्यंत अकराच्या आम्ही सहा उरलो. पन्हाळा घरापासून वीस किलोमीटरवर आहे, एवढाच त्याचा दोष. बाकी गड उत्तम.

त्याच दिवशी ठरलं, जिथून मोटारसायकलवर न्यायला येता येणार नाही अशा ठिकाणी जायचं.

चिठ्ठी काढणं बंद केलं आणि एकेकीचे महिन्याला चार हजार पतसंस्थेत रिकरिंगला टाकायला लागलो. चोवीस महिन्यांत शहाण्णव हजार, वर व्याज. अकरातल्या नऊजणी शेवटपर्यंत टिकल्या. एकीचे पैसे मुलाच्या फीत गेले, एकीचे नवऱ्याच्या गाडीच्या हप्त्यात. फीचं कमी वाईट वाटलं, हप्त्याचं जास्त.

बायकांच्या खास सहलीही चौकशी करून बघितल्या. सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, सातला नाश्ता, आठला बस. असं पळायचंच असेल तर घर काय वाईट? म्हणून एकच गाव घेतलं, बालीतलं उबुद. सहा रात्री, एकच हॉटेल. रात्रीच्या बसनं बेंगळुरू आणि तिथून विमान. बालीत उतरल्यावर व्हिसाला पाच लाख भरावे लागतात. रुपये नव्हे, तिथला रुपिया. आपले तीन हजारसुद्धा होत नाहीत. पण आमच्यातल्या एकीनं घरच्या ग्रुपवर 'व्हिसाला पाच लाख भरले' एवढंच टाकलं आणि फोन बंद करून झोपली. तिच्या मालकांनी रात्रीत बाकीची आठ घरं जागी केली.

पहिले दोन दिवस आराम जमलाच नाही. बालीचं घड्याळ आपल्यापुढं अडीच तास. आमची सवयीची पाचची जाग म्हणजे तिथले साडेसात. डोळे उघडून घड्याळ बघितलं की जी ती दचकून उठायची. नळ येऊन गेला असणार, डबा राहिला! मग आठवायचं. तरी हात स्वस्थ बसतायत होय? चादरींच्या घड्या घातलेल्या, कपबश्या विसळून पालथ्या घातलेल्या. खोली आवरायला येणारी पोरगी दारातच उभी राहिली, आता मी करू काय म्हणून.

मालिश करायच्या आधी तिथल्या बायका चाफ्याची फुलं टाकलेल्या कोमट पाण्यात आपले पाय धुतात. आमच्यातल्या थोरल्या अक्कांनी पाय झटक्यानं वर ओढून घेतले. "नको गं बाई, माझ्या लेकीएवढी तू." ती हसत पाय धरायला बघतीय आणि अक्का खुर्चीवर मांडी घालून बसलेल्या. अक्कांनी लग्नात जावयाचे पाय धुतलेत, सासऱ्यांचे शेवटच्या दुखण्यात रोज पुसलेत. स्वतःचे कुणी धुतलेले त्यांना आठवेनात. शेवटी सोडले खाली. डोळे मात्र गच्च मिटून घेतले, सुई टोचून घेताना मिटतो तसे.

माझी वेगळीच गंमत. मार्च ते मे मी कांदा-लसूण चटणीच्या ऑर्डरी करते आणि जून उजाडला तरी हाताचा वास जात नाही. माझा तळवा दाबता दाबता ती बाई थांबली, हात नाकाशी नेला आणि म्हणाली, "सम्बल?" म्हणजे त्यांच्याकडची मिरचीची चटणी. मी म्हटलं, "यस, कोल्हापूर सम्बल." मालिश राहिलं बाजूला. ती त्यांच्यात काय काय घालते ते सांगतीय, मी आमच्यात. एकमेकींची भाषा ठार येत नव्हती. सुकं खोबरं खुणांनी जमलं, तीळ जमले, धण्यांपाशी अडलो.

भातशेतीच्या पायऱ्या बघायला एक सकाळ गेली. तिथं शेतकऱ्यांची मंडळं देवळाच्या आधारानं पाणी वाटून घेतात. त्या 'सुबक' पद्धतीला युनेस्कोनं २०१२ साली जागतिक वारशात घेतलं. आमची शिरोळची मैत्रीण तासभर पाटाकडंच बघत बसली. "आमच्याकडं देवळात बसूनच पाण्यावरनं भांडत्यात," म्हणाली. बंधाऱ्याच्या प्रकाराला गावाचं नाव मिळालेली माणसं आपण, तिला बाकी काही दिसेचना.

पण जाऊबाईंना खरं सांगायचं ते तीर्थ एम्पुलचं. उबुदजवळचं दहाव्या शतकातलं झऱ्याचं देऊळ. दगडी तोट्यांतून कुंडात धारा पडतात आणि एकेका धारेखाली डोकं धरत पुढं सरकायचं. पाळी असेल तर आत जायचं नाही, हा तिथलाही नियम. पुढं ढकलायची गोळी घेतलेल्या दोघी बिनघोर आत गेल्या. न घेतलेली एक, "इथवर येऊन परत हेच," असं बडबडत बाहेर तळलेली केळी खात बसली.

त्या धारांपैकी दोन मृतांच्या विधीसाठी आहेत, त्या सोडून पुढं जा, असं गाइडनं आधीच बजावलं होतं. आमच्यातल्या एकीचे मिस्टर २०२१ च्या मे महिन्यात गेले. तोंड बघायला मिळालं नाही, दहाव्याला घाटावर चार माणसं नव्हती. त्या दोन धारांपाशी ती थांबली. नियम मोडला नाही, डोकं धरलं नाही. नुसती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. मागं रांग तुंबायला लागली. गाइड काही बोलणार, तेवढ्यात अक्का मागं वळल्या आणि तिथल्या लुंगीसारख्या ओल्या सारोंगमध्ये दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या, रंकाळ्यावर म्हैस अडवावी तशा. कुणी पुढं सरकलं नाही. पंचगंगेवर ती अशी उभी राहिली असती, तर पाच मिनिटांत कुणीतरी ओळखीचं येऊन म्हणालं असतं, "वहिनी, घरी सोडू का?"

फोन तिथंही यायचे. पहिल्या दिवशी एकट्या मला चौदा. कुकरची शिट्टी कुठाय, दूधवाल्याला किती द्यायचे, मांजर कुठं गेलं. तिसऱ्या दिवशी चार. पाचव्या दिवशी एकही नाही. रेंज आहे का ते मीच दोनदा बघितलं. शेवटी राहवेना म्हणून घरी लावला, तर आमच्या आत्या म्हणाल्या, "जेवायला बसलोय गं, मागनं कर." आणि ठेवला.

या रविवारी पन्हाळ्याला जायचं ठरलंय. घरची सगळी, जाऊबाईंसकट तेराजण. झुणका तिथला चालेल, भाकरी मात्र घरच्याच पाहिजेत, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. पीठ दळून आणलंय.