स्तनाग्र टोचून घेताना

ठाण्याच्या नौपाड्यात कान-नाक टोचून देणारे सराफ पुष्कळ आहेत, परंतु स्तनाग्र टोचून घेण्यासाठी त्यांच्याकडे किंवा टोचायचे पिस्तूल वापरणाऱ्या दुकानात मी जाणार नाही. माझ्या मते टोचून देणाऱ्या स्टुडिओची परीक्षा भिंतीवरच्या छायाचित्रांवरून न करता, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने उपकरणे निर्जंतुक करणारे यंत्र) दाखवा असे सांगितल्यावर तिथला माणूस कसा वागतो, यावरून करावी. सुई पोकळ, एकदाच वापरायची आणि आपल्यासमोर पाकिटातून काढलेली असावी. दागिना इम्प्लांट दर्जाच्या (शरीरात बसवण्यायोग्य) टायटॅनियमचा, सरळ दांडीचा आणि सूज येईल हे धरून थोडा लांब असावा.

जखम पूर्ण भरायला साधारण 6 ते 12 महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. दांडीच्या टोकांशी पांढरट-पिवळसर खपली धरते, ती बहुधा जखमेतून झिरपून सुकलेल्या द्रवाची असते. नखाने खरवडू नये, 0.9 टक्के निर्जंतुक सलाइन फवारून ती मऊ झाली की स्वच्छ गॉजने अलगद टिपावी. दागिना फिरवू नये. हळद, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीही लावू नये, घरातली वडीलधारी मंडळी काहीही म्हणोत. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत घामाने भिजलेले कपडे लगेच बदलावेत, आणि लोकलच्या गर्दीत छातीवर आडवा येणारा बॅगेचा पट्टा टाळावा. जखम भरेपर्यंत तरणतलाव वर्ज्य.

लाली पसरू लागली, हिरवट किंवा दुर्गंधीयुक्त पू आला, ताप चढला, तर दागिना स्वतः न काढता डॉक्टरांकडे जावे, कारण छिद्र मिटून पू आत कोंडू शकतो.