घोंगडीच्या लोकरीचं कंदिलाला पांघरूण

१८ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमेला ओट्यावर पणत्या लावल्या, पण आमच्या निफाडकडच्या वाऱ्याने एकही धड टिकू दिली नाही. शेवटी लोणच्याची रिकामी काचेची बरणी आणली, तळाशी दोन बोटं वाळू घातली आणि मध्यभागी पत्र्याच्या वाटीतला मेणाचा छोटा दिवा ठेवला. तो शेवटपर्यंत जळला. गजबांधणीच्या तारेचा कडीसारखा दांडा केला आणि बरणीचा कंदील झाला. आता गारठा पडायला लागलाय. घरातल्या सगळ्यांनी स्वेटर-शाली बाहेर काढल्या आणि हा कंदील तेवढा उघडाबोडका. त्याच्यासाठी पांघरूण विणायला घेतेय.

मापं: घेर ३० सेंमी, तळापासून खांद्यापर्यंत उंची १४ सेंमी. पांघरूण तोंडापर्यंत न्यायचं नाही, खांद्याच्या खालीच थांबवायचं, हे पहिल्या दिवशीच ठरवलं.

२१ नोव्हेंबर

सुया हातात घेण्याआधी धाग्याचा निकाल लावायला हवा होता. आपण दुकानातल्या प्रत्येक गुंड्याला लोकर म्हणतो, पण त्यातले बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. स्वेटरला ते चालतात, धुवायला सोपे, रंगही खुलतात. आतून दिवा जळणाऱ्या वस्तूला मात्र चालत नाहीत.

मोरीत स्टीलची ताटली ठेवून तीन धागे चिमट्यात धरून जाळले. ॲक्रिलिक ज्योत जवळ येताच आक्रसलं, मग वितळत भडकलं, थेंब खाली पडला आणि गार झाल्यावर त्याचा कडक काळा मणी झाला. सुती धागा शांतपणे जळत राहिला आणि ज्योत काढल्यावरही विस्तव पुढे सरकत होता. खरी लोकर (पुतण्याच्या टोपीतली उरलेली मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची मऊ लोकर) तडतडली, जळक्या केसांचा वास आला आणि ज्योत बाजूला करताच ती आपोआप विझली. राख बोटांत चुरगळली. लोकर केसांसारखीच केराटिन नावाच्या प्रथिनाची असते, तिच्यात नायट्रोजन आणि ओलावा भरपूर, त्यामुळे तिला पेट घ्यायला साधारण ५७० ते ६०० अंश सेल्सिअस लागतात. कुणी कंदिलासाठी विणणार असाल तर ही परीक्षा घरी एकदा कराच. गुंड्यावरच्या कागदावर विसंबू नका.

मेरिनो जेमतेम अर्धा गुंडा आहे, तेवढ्यात काम होणार नाही.

२५ नोव्हेंबर

कोल्हापूरकडची मैत्रीण आली आणि धाग्याचा प्रश्न सुटला. तिचं माहेर पट्टण कोडोलीचं. तिथल्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला ती दसऱ्यानंतर गेली होती, येताना शेजारच्या आजींनी कातलेल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीच्या दोन लड्या घेऊन आली. यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. लडीच्या एका टोकाला खरोखरच पिवळा भंडारा लागलेला होता. तेवढं टोक मी कापून देवघरात ठेवलं.

लोकर काळी, मूळचीच, रंगवलेली नाही. सासूबाईंनी हात लावला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर घोंगडीची लोकर. हिचं विणकाम कसं करणार तू? सुईवर सरकणार नाही."

"करून बघते, आई. अंगाला टोचते, पण बरणीला काय."

त्यांची शंका रास्त होती. मेरिनोचा तंतू साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), दख्खनीचा त्याच्या दुपटीहून जाड, राठ, आणि त्याला कुरळेपणा कमी. म्हणजे ताणून सोडलं की मेरिनोसारखी मागे येत नाही. सणगर मागावर हिची घोंगडी विणतात तेव्हा चिंचोक्याची खळ लावून धागा ताठ करतात. मला उलट तो मऊ करायचाय.

२७ नोव्हेंबर

दोन्ही लड्या कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसात तासभर भिजवल्या. चोळलं नाही, फक्त दाबलं, चोळलं तर लोकर एकमेकींत अडकून नमदा, म्हणजे घट्ट जाड थर, होते. पहिलं पाणी चहासारखं निघालं, तिसरं नितळ. मेंढीचा वास गेला नाही, कमी झाला. मला तो आवडतो, म्हणून चौथं पाणी घातलं नाही. सावलीत वाळवताना दोघी जणींनी बसून कुसळं आणि गोखरूचे काटे वेचले. दीड तास गेला, पण तो वेळ द्यायलाच हवा. विणताना एकेका काट्याशी थांबणं फार जिवावर येतं.

३० नोव्हेंबर

नमुन्याची पट्टी. सासूबाईंच्या डब्यातल्या जुन्या सुयांवर फक्त नंबर आहेत, मिलिमीटर नाहीत. नव्याने शिकणाऱ्यांसाठी सांगते, त्या जुन्या हिशोबात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी. १० नंबरवर कापड पुठ्ठ्यासारखं झालं, ८ नंबरवर बरं. साध्या सुलट विणीत १० सेंमीला २० टाके.

घेर ३० सेंमी. पांघरूण बरणीला घट्ट बसावं म्हणून दहा टक्के कमी धरले, २७ सेंमी. म्हणजे ५४ टाके. सहा-सहाचा नमुना नऊ वेळा बसतो आणि मोज्याच्या तीन सुयांवर १८-१८ वाटून चौथीने विणता येतं. आकडे इतके सोयीचे निघाले की त्या रात्रीच टाके घातले.

५ डिसेंबर

खाली सहा फेऱ्या एक सुलट एक उलट, मग सुलट विणीत जाळी. सोपा नमुना घेतला होता: धागा पुढे, दोन एकत्र, चार सुलट. तीन साध्या फेऱ्या आणि मग भोकं तीन टाके बाजूला.

२२ फेऱ्या झाल्यावर बरणीवर चढवून बघितलं आणि लक्षात आलं की सगळं कापड तिरकं चाललंय. टाक्यांच्या उभ्या रेघा जिलबीसारख्या बरणीभोवती वळत होत्या. आधी वाटलं माझीच मोजणी चुकली, पुन्हा मोजले, ५४ बरोबर. भोकंही जागच्या जागी. सुया जुळवताना पीळ पडला असेल म्हणावं तर तसंही नव्हतं.

कारण धाग्यात सापडलं. हाताने कातलेला हा धागा एकेरी आहे. हातभर तुकडा घेऊन मधोमध दुमडला आणि टोकं जवळ आणली, तर तो भराभर स्वतःभोवती वेढे घ्यायला लागला. दुकानातल्या धाग्यात दोन-चार पदर उलट्या दिशेने एकत्र वळलेले असतात, त्यामुळे पीळ एकमेकांना तोलून धरतात. एकेरी धाग्याचा पीळ मोकळाच राहतो, आणि सुलट विणीत प्रत्येक टाका त्याला त्याच बाजूला झुकू देतो. फेरीत विणलं की बाजूचा शिवणीचा आधारही नसतो.

मला याचं खरंच वाईट वाटलं. चार संध्याकाळचं काम होतं.

६ डिसेंबर

उसवलं. एकेरी धागा उसवताना तुटेल अशी भीती होती, पण राठ लोकरीचा हा गुण: तंतू एकमेकांना धरून ठेवतात. दोनच ठिकाणी तुटला. पाण्याचं बोट लावून दोन्ही टोकं तळहातांत चोळली की सांधा बसतो, गाठ लागत नाही. उसवलेला धागा लडी करून ओला केला आणि खाली वाटी टांगून वाळवला.

सासूबाई म्हणाल्या, "सुलट जेवढं, तेवढंच उलट घाल. मग कुठे वाकेल?" साबुदाण्याची वीण त्या याच कारणासाठी वापरायच्या असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी घरी कातलेल्या धाग्याचे कानटोप असत. एवढी वर्षं एकत्र विणतोय, हे मला आजच कळलं.

१२ डिसेंबर

नवा नमुना. कुणाला करायचा असेल तर हा घ्या, जमला आहे.

पहिली फेरी: दोन एकत्र, धागा दोनदा पुढे, दोन एकत्र, दोन सुलट. हे नऊ वेळा. दुसरी फेरी सगळी सुलट, फक्त दुहेरी धागा आला की त्यात एक सुलट आणि एक उलट. तिसरी आणि चौथी फेरी पूर्ण उलट. पुढच्या थरात ते दोन सुलट टाके शेवटी न घेता आधी घ्यायचे, म्हणजे भोकं एकाखाली एक न येता सरकून येतात. दर थरात दोन फेऱ्या सुलट, दोन उलट, त्यामुळे पीळ कुठेच ओढून नेत नाही.

दुहेरी धाग्याचं कारण वेगळं आहे. काळ्या लोकरीतून उजेड झिरपत नाही. पांढऱ्या मेरिनोचं पांघरूण असतं तर सगळी बरणी दुधाळ उजळली असती. इथे उजेड येणार तो फक्त भोकांतून, म्हणून भोक मोठं हवं. पहिल्या खेपेची भोकं तांदळाएवढी होती, आता हरभऱ्याएवढी झालीत.

१९ डिसेंबर

या आठवड्यात फक्त सहा फेऱ्या. पारा फार उतरलाय. पहाटे द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवाव्या लागतात, नाहीतर मणी तडकतात. घरातले सगळे रात्री आळीपाळीने बागेत. मी विणकाम बरोबर नेलं, पण गारठलेल्या बोटांनी दुहेरी धागा पकडता येत नव्हता. शेकोटीजवळ नुसतं सुलट-उलट जमतं, जाळी नाही.

२८ डिसेंबर

पाच थर झाले. सुया तशाच ठेवून अर्धवट पांघरूण बरणीवर ओढलं, आत सेलवरचा दिवा ठेवला (सुया लाकडाच्या आहेत, ज्योतीजवळ न्यायच्या नव्हत्या) आणि ओट्यावरचा बल्ब घालवला. भिंतीवर ठिपके पडले, थर सरकवल्यामुळे नागमोडी. मुलगी हात मध्ये धरून तळहातावर ठिपके मोजत बसली. काळ्या लोकरीचा निर्णय त्या क्षणी पटला. पांढऱ्या पांघरुणाने भिंतीवर काहीच उमटलं नसतं.

तिरकेपणा नाही. खाली कडेला अगदी किंचित आहे, कारण टाके घालताना मी घट्ट ओढले होते.

४ जानेवारी

आठ थर, वर पुन्हा सहा फेऱ्या एक सुलट एक उलट, एकूण ४४ फेऱ्या. टाके बंद करताना ७ नंबरची जाड सुई घेतली. ही लोकर ताणत नाही, कड घट्ट झाली तर बरणीच्या खांद्यावरून उतरणारच नाही. पांघरूण हातात घेतलं की आडव्या वळ्यांमुळे मिटतं, कागदी पंख्यासारखं ताठ नव्हे, गोगलगाईसारखं मऊ. ओलं करून रिकाम्या बरणीवरच चढवलं आणि हाताने खाली ओढत १२ सेंमी केलं. दोन दिवस तसंच वाळू दिलं. वाळल्यावर बरणीचा आकार त्याने धरला, काढून ठेवलं तरी उभं राहतं. दख्खनी लोकरीचा राठपणा इथे कामाला आला, मेरिनो लोळली असती.

९ जानेवारी

खऱ्या ज्योतीची परीक्षा. ओट्यावर, शेजारी पाण्याची बादली, आणि मी समोर बसलेली. तोंड पूर्ण उघडं, वाळू दोन बोटं, दिवा बरोबर मधोमध. दर पंधरा मिनिटांनी पांघरुणाला हात लावत होते. तासाभराने लोकर कोमट, काच खांद्यापाशी चांगलीच गरम. म्हणजे वरची कड खांद्याखाली थांबवली ते योग्यच झालं. दिवा मुद्दाम एका बाजूला सरकवून बघितला तर दहा मिनिटांत त्या बाजूची काच हात ठेवू देईना. लगेच मध्ये आणला. एकीकडेच तापलेली काच तडकू शकते, तेव्हा दिवा मध्ये राहावा म्हणून वाळूत वाटीएवढा खळगा करून ठेवलाय.

आमच्याकडचा नियम असा ठरला: माणूस समोर बसलेलं असेल तरच मेणाचा दिवा, एरवी सेलवरचा. मुलगी त्या दिव्याशी खेळते, म्हणून त्याचं सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं घेतलं. गिळलेला बटणसेल लहान मुलांच्या जिवावर बेततो.

१४ जानेवारी

संक्रांत. आज काळं नेसायचा दिवस, आणि कंदीलही काळा. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी आधी पांघरुणालाच हात लावला. एका काकूंनी वास घेतला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "आमच्या आजोबांची घोंगडी." मग बराच वेळ त्या आजोबांचंच बोलत बसल्या: पावसात घोंगडीची खोळ कशी करायचे, रात्री तीच अंथरायचे. तिळगूळ हातातच राहिला होता.

एक लडी शिल्लक आहे. सासूबाईंना देवघराजवळच्या छोट्या बरणीसाठी हवंय. तिचा घेर २४ सेंमी, हिशोबाने ४३ टाके येतात, पण सहाच्या पटीत ४२ घेतलेत. आज रात्री टाके घातले, या वेळी सैल.