परिच्छेद 14: पीआरसीपुढे आमचा साकव

पंचायत राज समितीचा दौरा जाहीर झाला की जिल्हा परिषदेत सगळ्यात आधी रजा बंद होतात. मग शौचालयांचे नळ दुरुस्त होतात, भिंतींना रंग लागतो, आणि त्यानंतर कुणाला तरी आठवतं की समिती नळ बघायला येत नाही, लेखापरीक्षणातले आक्षेप बघायला येते. तोवर हातात आठ दिवस उरलेले असतात.

मी तेव्हा उत्तर रत्नागिरीतल्या समुद्रकाठच्या एका तालुक्यात, पंचायत समितीत वरिष्ठ सहायक (लेखा) होतो. आमच्यात सगळे 'पीआरसी'च म्हणतात. बाहेरच्यांसाठी सांगतो: ही विधिमंडळाची समिती. विधानसभा आणि विधानपरिषद, दोन्हीकडचे आणि वेगवेगळ्या पक्षांचे आमदार तिच्यात असतात. राज्याच्या खात्यांना खर्चाचा जाब लोकलेखा समिती विचारते, तसा जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांना ही विचारते. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल आणि जिल्हा परिषदेचा वार्षिक प्रशासन अहवाल हा तिचा मुख्य आधार. दौरा साधारण तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी मुख्यालय, दुसऱ्या दिवशी गट पाडून तालुके, शाळा, दवाखाने, आणि तिसऱ्या दिवशी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष. शब्द 'साक्ष' हाच. तिथे बोललेलं लिहून घेतलं जातं. उत्तर पटलं नाही तर पुढे खात्याच्या सचिवांना मुंबईला विधानभवनात साक्षीला बोलावतात. समितीला खोटी माहिती दिल्यास हक्कभंगाची कारवाई होऊ शकते, हे वाक्य त्या आठ दिवसांत मी निदान पन्नासदा ऐकलं.

माझ्या वाट्याला चौदा परिच्छेद आले. परिच्छेद म्हणजे अहवालातला एकेक आक्षेप. त्यातले तेरा नेहमीचे. अग्रिमाचं, म्हणजे आगाऊ उचललेल्या रकमेचं, समायोजन नाही, जांभा दगडाची रॉयल्टी ठेकेदाराच्या बिलातून कापली नाही, अखर्चित रक्कम शासनाकडे परत भरली नाही. (जिल्हा परिषदेला शासनाचा निधी खर्चायला दोन वर्षं मिळतात. इतर खात्यांना एकच वर्ष मिळतं. तरीही आमच्याकडे दुसऱ्या वर्षाचा मार्च आला की वणवा लागल्यासारखी धावपळ असते.) या तेरांची उत्तरं कशी लिहायची ते मला झोपेतही येत होतं.

चौदावा साकवाचा होता. पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, छोटा पूल, माणूस आणि गुरं जातील एवढा, तो साकव. पूर्वी पोफळीची नाहीतर माडाची खोडं टाकायचे, आता काँक्रीटचा बांधतात. काम 2016-17 चं होतं. आक्षेपाचं वाक्य एका ओळीचं: मोजमाप पुस्तिका लेखापरीक्षणास सादर न केल्याने 4,86,000 रुपयांचा खर्च आक्षेपाधीन ठेवण्यात येत आहे. मोजमाप पुस्तिका म्हणजे आमची एमबी. किती लांबी, किती रुंदी, किती काँक्रीट ओतलं हे अभियंता त्यात जागेवर मोजून लिहितो आणि त्यावरून बिल निघतं. ती नसेल तर पैसे कशाचे दिले, याला पुरावा नाही.

उपअभियंत्यांनी अनुपालनाचा, म्हणजे आक्षेपाला द्यायच्या उत्तराचा, मसुदा तयारच ठेवला होता: 'निसर्ग चक्रीवादळात कार्यालयाचे छत उडून अभिलेख भिजल्याने सदर पुस्तिका नष्ट झाली.' वादळ खरं होतं. 3 जून 2020 ला दुपारी आमच्या अभिलेख कक्षावरचे पत्रे समोरच्या आंब्यात जाऊन अडकले होते आणि दप्तरं आठवडाभर वाळत घातली होती. पंचनामाही झालेला. पण तेव्हापासून 'निसर्गात भिजलं' हे आमच्याकडे सगळ्याचंच उत्तर झालं होतं. काही रजिस्टरं वादळाच्या आधी दोन-तीन वर्षं सापडत नव्हती, तीसुद्धा वादळाने नेली.

मी आक्षेपाची तारीख बघितली. लेखापरीक्षण 2018-19 मध्ये झालेलं. म्हणजे वादळाच्या आधीच पुस्तिका मिळत नव्हती, आणि ते अहवालात छापलेलं होतं.

"साहेब, हे उत्तर तारखेतच मरतंय," मी म्हटलं.

"एवढं कोण बघतं?"

"बघायलाच तर येतायत."

गटविकास अधिकारी मॅडमनी दोघांकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "मग शोधा."

शोधलं. पुस्तिका कुणाला दिली त्याच्या नोंदवहीत तेव्हाच्या कनिष्ठ अभियंत्याची सही होती, ते बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले. फोन केला तर म्हणाले, कपाटात ठेवून आलो. कोणत्या, ते आठवत नव्हतं. दोन दिवस कपाटं उपसली. झुरळं, जुनी शाई, कुणाचा तरी हरवलेला छत्रीचा दांडा, सगळं मिळालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका अंगणवाडीच्या कुंपणभिंतीच्या फाईलमध्ये पुस्तिका मिळाली. एकाच पुस्तिकेत दोन कामांची मोजमापं लिहिलेली होती आणि कुणीतरी ती दुसऱ्या कामाला लावून बांधून ठेवली होती. लेखापरीक्षकांपुढे ती का गेली नाही याचं कारण एवढं साधं. चोरी नव्हती आणि वादळही नव्हतं. चुकीच्या दोरीत बांधली गेली होती.

आनंद रात्रीपर्यंत टिकला. पानं वाचायला घेतली तर मोजमापाच्या वर ठिकाण लिहिलेलं: खालची वाडी. प्रशासकीय मान्यतेच्या आदेशात होतं वरची वाडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आताच्या जेईंच्या (कनिष्ठ अभियंत्यांच्या) मोटारसायकलवर मागे बसून गेलो. साकव होता, मजबूत होता, वर शेवाळ. शेजारच्या घरातल्या आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "वर होनार व्हता. जमिनीवाल्यांनी सया नाय दिल्या, म्हनून हितं आला."

सरपंचांनी बाकीचं सांगितलं. वरच्या वाडीतली जागा सामाईक. सातबाऱ्यावर एकतीस नावं, निम्मी मुंबईत, काही नालासोपाऱ्याला, दोघांचा पत्ताच कुणाला माहीत नाही. संमतीपत्रं जमेनात. मार्च आला. निधी परत जाईल म्हणून काम तीनशे मीटर खाली सरकवलं. जागा बदलायला सुधारित मान्यता घ्यावी लागते, ती घ्यायला कुणालाच वेळ झाला नाही. पैसे खाल्ले नव्हते, पण ज्या वाडीसाठी आले तिथे पोचलेही नव्हते.

मी टिप्पणीत दोन वाक्यं लिहिली. पहिलं, पुस्तिका उपलब्ध झाली असून सादर करण्यात येत आहे. दुसरं, काम मंजूर ठिकाणाऐवजी अन्यत्र झाल्याचे दिसून येते, सुधारित मान्यता आढळत नाही. वरून येताना दुसरं वाक्य लाल शाईने खोडलेलं आलं. उपअभियंत्यांचं म्हणणं सरळ होतं: विचारलंय पुस्तिकेचं, जागेचं नाही. कायद्याच्या भाषेत त्यांना चूक ठरवता येत नव्हतं. मी वाद घातला नाही. खोडलेल्या टिप्पणीची प्रत मात्र माझ्या फाईलला राहू दिली. लेखा शाखेत नव्याने आलेल्यांना मी हेच सांगतो, आपण लिहिलेल्या कागदाची स्थळप्रत कधी फेकू नका.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर चित्र अर्धवट राहील. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यापासून आमच्या जिल्हा परिषदेवर प्रशासक होता. सर्वसाधारण सभा नाही, सदस्य नाहीत, पंचायत समितीला सभापती नाही. आधी निदान एखादा सदस्य सभेत उभा राहून 'आमच्या गणातला साकव कुठे गेला' म्हणून टेबल बडवायचा. त्याच्या बडवण्यात राजकारण असायचं, पण फाईल हलायची. सदस्य गेल्यावर आम्हाला तोंडावर विचारणारं निवडून आलेलं माणूस उरलंच नाही. त्यामुळे पीआरसी येणार म्हटल्यावर भीतीबरोबर, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं होतं.

दौऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पाच आमदारांचा गट आला. साडेदहाची वेळ दिलेली, आले दीडला. शाकाहारी किती आणि सुरमई किती याची यादी करणारे दोन शिक्षक सकाळपासून उन्हात उभे होते. त्यांच्याबद्दल एवढंच. बैठक सुरू झाली. पहिला तासभर प्रश्न आले ते असे, की उत्तर ऐकायच्या आधीच पुढचा प्रश्न. एका सन्माननीय सदस्यांनी शाळेच्या शौचालयावरून इतका आवाज चढवला की बाहेर चहावाला थांबला. नंतर कळलं, ती शाळा दुसऱ्या तालुक्यातली.

मग परिच्छेद 14. उपअभियंत्यांनी पुस्तिका पुढे ठेवली, अनुपालन वाचलं. विषय दोन मिनिटांत मिटला असता. तेवढ्यात विदर्भातल्या एका महिला आमदारांनी विचारलं, "हे साकव म्हणजे काय असते?"

आमच्याकडचे काही हसले. उपअभियंत्यांनी हातांनी पूल दाखवला. म्हणाले, "मॅडम, ओढ्यावरचा लहान पूल."

"मी पाहिला नाही कधी. किती दूर आहे?"

"अकरा किलोमीटर. पण मॅडम, रस्ता..."

"जेवण झालं की जाऊ."

रस्त्याच्या शेवटी गाड्या थांबल्या. पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट, उतरून खाली पायी जावं लागतं. त्या चपला हातात घेऊन उतरल्या. साकवावर उभ्या राहिल्या, कठड्याला हात लावला, फोटो काढला. काम चांगलं आहे म्हणाल्या. उपअभियंत्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग त्या कडेच्या फलकाकडे वळल्या. कामाचं नाव, वर्ष, रक्कम. ठेकेदाराने फलक आदेशाप्रमाणे रंगवलेला.

"वरची वाडी," त्यांनी वाचलं. "हीच का वरची वाडी?"

कुणी बोलेना. ती शांतता मला अजून आठवते, कारण पऱ्याचं पाणी ऐकू येत होतं.

"ही खालची, मॅडम," मी म्हटलं. "वरची तीनशे मीटर वर."

उपअभियंत्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण मला ते बघणं जाणवलं.

"तिथे काय आहे?"

"पोफळीचं खोड टाकलंय."

त्या वर चढल्या. आम्ही मागोमाग. खोड होतं, दोन खोडं शेजारी शेजारी, नारळाच्या सुंभाने बांधलेली. त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले, आवाज न चढवता. जागा बदलाची मान्यता? नाही. कधीपर्यंत घेणार? प्रस्ताव करतो. संमती किती जणांची अडली? मी आकडा सांगितला. वाडीत घरं किती? सात. आणि शेवटचा, त्या खोडाकडे बघत: "पावसात पोरं शाळेत कशी जातात?"

पुस्तिका, आदेश, बिल, तारखा, सगळं मला तोंडपाठ होतं. हे मात्र मला माहीत नव्हतं. फाईलमध्ये तो रकानाच नाही. उत्तर पलीकडून एका बाईंनी दिलं: "पानी वाढलं की नाय जात."

तिसऱ्या दिवशी मुख्यालयात साक्ष. खुर्च्यांवर खातेप्रमुख, त्यांच्यामागे भिंतीला टेकून आमच्यासारखे कागदवाले. प्रश्न आला की पुढच्याने मान वळवायची, आपण चिठ्ठी सरकवायची. सकाळपासून दुपारपर्यंत मी अकरा चिठ्ठ्या सरकवल्या. परिच्छेद 14 आला तेव्हा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी चिठ्ठी मागितली नाही. आदल्या रात्रीच त्यांनी सगळं मागवून घेतलं होतं. काम अन्यत्र झालं, मान्यता घेतली नाही, अनुपालनात ते नमूद केलं नाही, असं तिन्ही त्यांनी स्वतःहून सांगितलं. समितीने तीन महिन्यांत कार्यवाहीचा अहवाल मागितला. जबाबदारी निश्चित करा आणि वरच्या वाडीचं काय ते सांगा, अशा दोन ओळी.

आठवड्याभरात कारणे दाखवा नोटिसा निघाल्या. उपअभियंत्यांना, जुन्या जेईंना, आणि मलाही. माझ्या उत्तराला मी ती लाल शाईची स्थळप्रत जोडली. माझं प्रकरण तिथे संपलं. उपअभियंता साहेब त्यानंतर माझ्याशी वर्षभर कामापुरतंच बोलले. आता निवृत्त झालेत. मध्यंतरी बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "त्या बाईला साकव माहीत असता तर वाचलो असतो." दोघंही हसलो.

खालच्या साकवाला सुधारित मान्यता मिळाली. त्याला बराच पत्रव्यवहार लागला, तो सांगण्यासारखा नाही. वरच्या वाडीचा नवा साकव आराखड्यात आहे, पण संमतीपत्रांशिवाय आदेश निघत नाही. ग्रामसेवक आता गणपतीची वाट बघतात. चाकरमानी आले की पहिल्या दोन दिवसांत वाडीतल्या पडवीत बसून सह्या घेतात, आरतीच्या आधी. एकतिसांपैकी सव्वीस झाल्यात. तिघं यंदा दिवाळीत येतो म्हणालेत. राहिलेल्या दोघांचा पत्ता अजून लागलेला नाही.