सत्तावीस आत, चार बाहेर

आमची संस्था रायगड जिल्ह्यातल्या कातकरी वाड्यांवर घरांचं काम करते असं सांगितलं की लोकांना वाटतं आम्ही घरं बांधतो. बांधतोही, पण ते सगळ्यात शेवटी. त्याआधीची वर्षं जातात घराखालच्या जागेपायी. कातकरी कुटुंब तीन पिढ्या एकाच जागी राहतं, घरपट्टीची पावती असते, विजेचं बिल असतं, मतदार यादीत नाव असतं, आणि सातबारा काढला की त्यावर नाव भलत्याचंच. कुणा शेतकऱ्याने त्यांच्या आजोबाला राब भाजायला, बांध घालायला, रान राखायला आणून माळावर बसवलेलं असतं. तेव्हा कागद कुणी केला नाही, कुणाला लागलाही नाही. आज त्या आजोबाच्या नातवाला सरकार घरकुल द्यायला निघालं की पहिला प्रश्न येतो तो जागेचा.

मागच्या वर्षी दसरा आणि दिवाळीच्या मध्ये अशाच एका वाडीची मोजणी झाली. वाडीचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. पण तो दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

थोडी पार्श्वभूमी सांगते. १५ नोव्हेंबर २०२३ ला झारखंडमधल्या खुंटीतून पीएम-जनमन सुरू झालं, म्हणजे सगळ्यात मागे राहिलेल्या आदिवासी जमातींसाठीची केंद्राची योजना. महाराष्ट्रात त्यात तीन जमाती येतात: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. साध्या घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, इथे २ लाख. शिवाय शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीची मजुरी वेगळी. इतकी वर्षं या कामात असून पहिल्यांदाच वाटलं की या पैशात खरोखर घर उभं राहील. आणि मग वाडीमागून वाडी जागेपाशी येऊन अडली. ज्यांना जागा नाही त्यांना ती विकत घ्यायला राज्याची योजना आहे, ५०० चौरस फुटांपर्यंत एक लाखाच्या आत. ५०० चौरस फूट म्हणजे अर्धा गुंठाही नाही. एवढा तुकडा तोडून विकायला कोण तयार होतो? त्यात जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला आणि मुंबईची गिऱ्हाईकं माळरानंही शोधत यायला लागली. रायगड अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसाचा, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्याचा, आधारही इथे नाही.

मग मार्ग उरतात दोन. मालक राजी असेल तर त्याची संमती घेऊन, महसूल संहितेच्या कलम १२२ खाली वाडीची जागा गावठाणात घ्यावी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव. मालक राजी नसेल तर १९४८ चा कूळकायदा, ज्यात शेतमजुराच्या राहत्या घराला आणि त्याखालच्या जागेला संरक्षण आहे. पहिला मार्ग वर्षांचा, दुसरा पिढ्यांचा, असं आमचे वकील म्हणतात.

या वाडीत मालक राजी होता. वय ऐंशीच्या पुढे. "माझ्या बापाने बसवलेली माणसं, मी कशी उठवू?" एवढंच बोलला आणि सही केली. पण सातबाऱ्यावर अकरा वारस. बहिणी, पुतणे, एक सून डोंबिवलीला, एक पुतण्या सुरतेला. प्रत्येकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र आमच्या कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन आणलं. "आदिवासींना किती द्यायचं?" हे वाक्य त्या फिरतीत भरपूर ऐकलं, आणि तेही ज्यांच्या भाताची लावणी-कापणी याच वाडीने केली त्यांच्या तोंडून. त्या म्हाताऱ्याने मात्र एकाही वारसाला मागे हटू दिलं नाही.

मोजणीची तारीख मिळवणं हे वेगळंच युद्ध. पावसात मोजणी होत नाही. दिवाळी झाली की मुकादमाचा टेम्पो येतो, उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्टीवर जातात, कुणी कोळशाच्या भट्टीवर, आणि पाऊस तोंडावर आल्याशिवाय परतत नाहीत. रिकाम्या वाडीची मोजणी केली तर पंचनाम्यात "राहत नाही" असा शेरा पडायला वेळ लागत नाही. तेव्हा पाऊस ओसरल्यापासून दिवाळीपर्यंतच्या चार-पाच आठवड्यांतच ती बसवावी लागते, तीही उभं भात कापायच्या धांदलीत.

आम्ही आधीच आमचा नकाशा केला होता. टेप घेऊन घर न् घर मोजलं, दारावर गेरूने आकडे घातले, कुणाच्या पावत्या कोणत्या सालापासूनच्या ते आकड्यासमोर लिहिलं. एकतीस घरं. भूकरमापक साहेबांना तो कागद दिला तेव्हा त्यांनी तो जमिनीवर पसरून दगड ठेवून नीट पाहिला. हे लिहिते, कारण या खात्याबद्दल चांगलं लिहायची वेळ कमी येते आणि हा माणूस खरंच चांगला होता. मोजणीच्या रोव्हर यंत्राला झाडाखाली उपग्रह धड सापडत नाहीत, आणि वाडीतली निम्मी घरं आंब्या-फणसाच्या सावलीत. दुसरा कुणी अंदाजाने बिंदू घेऊन मोकळा झाला असता. हे काठी धरून तिथेच उभे राहायचे, पडद्यावर रीडिंग पक्कं झाल्याशिवाय पाय हलवायचे नाहीत, आणि नाहीच झालं तर उघड्यावरच्या दोन बिंदूंवरून टेप ओढून जागा बसवायचे.

दुपारी हद्द वाडीच्या वरच्या टोकाला पोचली. जुन्या मोजणीच्या टिपणाशी ताडून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि चार घरं गटाबाहेर गेली.

तीन पूर्णच बाहेर. चौथ्या घरात एक आजी राहते. तिच्या घरातून हद्द तिरकी गेली होती: दार म्हाताऱ्याच्या गटात, चूल शेजारच्या. साहेब काठी घेऊन आत आले तेव्हा चुलीवर तवलीत खेकड्याचं कालवण होतं. काठी जिथे टेकायची होती तिथेच चुलीचा एक दगड. आजीने तवली उतरवली, फडक्याने राख बाजूला केली आणि "टेकवा" म्हणाली. बाहेर येऊन साहेबांनी सारवलेल्या अंगणात चुन्याची रेघ मारली. ती कुडाच्या भिंतीखाली शिरून मागच्या बाजूला, झऱ्याच्या दिशेने निघाली.

शेजारचा गट मुंबईच्या एका गृहस्थाने काही वर्षांपूर्वी विकत घेतलाय. लगतधारक म्हणून त्यांना नोटीस गेली होती. ते आले नाहीत, त्यांचा माणूस आला. त्याने फोन वर धरून सगळी रेघ मालकाला दाखवली आणि चारही दारांवरच्या गेरूच्या आकड्यांचे फोटो काढले. सिमेंटचे खांब त्या गटात आधीपासूनच रचून ठेवलेले होते.

अशा वेळी काय करायचं हे आमच्याकडे ठरलेलं आहे. हद्दीत मोकळी जागा असेल तर बाहेरची घरं आत घ्यायची. वाडीच्या खालच्या अंगाला, समाजमंदिराजवळ, चार घरांपुरती जागा होती. मी तिथेच बैठक लावली. तीन घरं लगेच तयार झाली. जुनं कुडाचं घर तसंही पाडायचंच होतं, नवं पक्कं घर पन्नास पावलं खाली झालं तर काय बिघडलं? खालच्या घरांनी आपापल्या परसातली हात-दोन हात जागा सोडायचंही कबूल केलं. मला वाटलं, सुटलं.

आजी म्हणाली, "मी नाय उठत."

तिचा मुलगा चिडला. दोन लाखांचं घर हातातून जातंय, आणि कशासाठी, तर या चार कुडांसाठी? आजीने त्याला उत्तर दिलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, मी उठले की त्याचा कुंपण तुमच्या या रेघेवर येल. मग पाण्याला कुठनं जायचं?"

झऱ्याची वाट तिच्या आणि शेजारच्या घराच्या मधून जाते. दुसरी वाट नाही, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल ओहोळ. वाडीत नळ आहे, पण एप्रिल उजाडला की तो कोरडा पडतो आणि सगळी वाडी झऱ्यावर येते. आमच्या नकाशात घरं होती, पावत्यांची सालं होती, झाडंसुद्धा होती. ती पायवाट सातबाऱ्यात नाही, गावनकाशात नाही. ती तिथे आहे ती तिच्या दोन्ही बाजूंना माणसं राहतात म्हणून.

मग ती जे बोलली ते मी त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवलं. दर वर्षी सगळे भट्टीवर जातात तेव्हा ती नातवंडांना घेऊन मागे राहते. आम्ही आजवर असं धरून चाललो होतो की वयामुळे राहते. ती म्हणाली, वाडी रिकामी असली की कुंपणं येतात. पलीकडच्या एका वाडीत असंच झालं होतं. माणसं पावसाच्या तोंडावर परतली तर वाटेवर लोखंडी फाटक. "कुणी तरी चूल पेटती ठेवायला पायजे."

पुढच्या आठवड्यात हे वकिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाटातून मामलतदार न्यायालय अधिनियम काढला. १९०६ चा कायदा, अजून चालतो. शेताकडे जायची वाट किंवा विहीर, तळं, ओढा यांचं वापरातलं पाणी कुणी अडवलं तर कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. दिवाळीनंतर कुंपण पडलं आणि वाडी जूनमध्ये परतली, तर ती मुदत गेलेली असते. मी गप्पच झाले. आजीला हा कायदा माहीत असायचं कारण नाही. पण ज्या महिन्यांत तो मुदत मोजतो नेमक्या त्याच महिन्यांत ती वर्षानुवर्षं तिथे बसून आहे.

मोजणीच्या रात्रीच बाकीच्या तिन्ही घरांनी शब्द फिरवला होता. आम्हीही उठत नाही, म्हणाले. आमच्यातला एक सहकारी भडकला; चार घरांपायी सत्तावीस अडकवायची का? त्याचा राग मला कळतो, अकरा संमतीपत्रांपैकी बहुतेक त्याने आणली आहेत. आजीनेच तिढा सोडवला. सत्तावीसचा कागद पुढे न्या, आमचं थांबवा, पण आमची नावं कापू नका.

तसं केलं. सत्तावीस घरांचा प्रस्ताव प्रांतांकडून वर गेला. मालकाच्या संमतीपत्रांवर काहींचा पहिला हप्ताही सुटला, नऊ घरांची जोती तयार आहेत. आम्ही ठेकेदार आत येऊ दिला नाही. वाडीतल्याच गवंड्याला हाताशी धरून, घराला लागून चुलीची वेगळी जागा काढून बांधतोय. "आदिवासींना घरं दिली तरी ते राहत नाहीत" असं म्हणणाऱ्यांनी ठेकेदाराने बांधलेली घरं आतून पाहावीत. पत्र्याखाली चूल मांडायला जागा नसली की बाई बाहेर झोपडी घालणारच.

आणि चार घरांचं काय? उन्हाळ्यात ग्रामसेवक एक छापील कागद घेऊन आजीकडे आले. "मला घरकुल नको आहे, तरी माझे नाव कमी करावे." जागा नसली की काम सुरू होत नाही, काम सुरू झालं नाही की तालुक्याचं उद्दिष्ट अपुरं दिसतं, म्हणून हे नकारपत्र. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, वरून रोज आकडे विचारले जातात. पण ज्या बाईला घर हवंय तिच्या अंगठ्याने "नको" लिहून घ्यायचं, याला मी दुसरं काही म्हणू शकत नाही, ही फसवणूक आहे. आजीने अंगठा दिला नाही. तिघांनीही दिला नाही. आम्ही चौघांच्या वतीने लेखी कळवलं की घर हवं आहे, जागेचा दावा प्रलंबित आहे, नाव कमी करू नये. त्या पत्राची पोच आहे, उत्तर नाही.

मला टोचतं ते हे. सत्तावीस पक्क्या घरांना पाणी मिळणार ते या चार कुडाच्या घरांच्या मधून. ज्यांनी वाट धरून ठेवली त्यांनाच घर नाही, आणि ही वाटणी मोजणीच्या कागदावर आमच्या समोर झाली. आजी स्वतः म्हणाली म्हणून आम्ही पुढे गेलो हे खरं. पण एकतीस घरं एका प्रस्तावात असती तर त्या चारांच्या मागे जो जोर राहिला असता, तो आता नाही. सहकारी म्हणतो, मग एकतीसही आज कुडातच असती. त्याचंही खोटं नाही.

कूळकायद्याखाली चार घरांचे अर्ज तहसीलमध्ये दाखल आहेत. वकिलांच्या मते वाटेची वहिवाट आधी नोंदवून घ्यावी, जबाब आणि फोटो आत्ताच जमवावेत, कुंपणाची वाट बघत बसू नये. ते काम सुरू केलंय. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या बायांचे जबाब झाले, खालच्यांचे बाकी आहेत. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. तिन्ही घरांनी मुकादमाला निरोप धाडलाय की तारीख झाल्याशिवाय या वर्षी उचल घेणार नाही. त्या महिन्याचं धान्य कुठून आणायचं, यावर उद्या आमची बैठक आहे.