जुनी करिझ्मा का झेडएमआर?

रविवार, रात्री उशिरा

दोन्ही गाड्या बघून झाल्या, दोन्ही चालवून झाल्या, आणि उद्या सकाळी एकाला हो म्हणायचंय आणि एकाला नाही. डोक्यात नुसतं घोळायलंय म्हणून लिहूनच काढतो. एक २००६ ची साधी करिझ्मा, हिरो होंडाची मोटरसायकल, केजजवळच्या एका गावात, पहिल्यापासून एकाच मालकाकडं, गाडी अशी ठेवलीय की हात लावावा वाटत नाही. दुसरी २०१२ ची झेडएमआर, करिझ्माचीच नंतरची आवृत्ती, लातूरची, एमएच २४ पासिंग, दोन हातातून फिरलेली. भाव दोघांचा उन्नीस-बीस, त्यामुळं पैशाचा प्रश्नच नाही, प्रश्न आहे तो मला गाडी कशासाठी पाहिजे त्याचा.

मला गावात फिरायला गाडी नको. त्याला स्कूटी आहे घरात. मला पाहिजे अंबाजोगाई ते संभाजीनगर, म्हणजे केज, नेकनूर, मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागड, पाचोड असं सव्वादोनशेच्या आसपास किलोमीटर, महिन्यातून जावंच लागतं आणि यष्टीत पाठ मोडून घ्यायची नाही मला आता. कधीमधी तुळजापूर, कधी सोलापूर. मागं बायको असते बऱ्याचदा, मग सीट, शॉकअप, टाकी हे सगळं आधी, पिकअप नंतर.

करिझ्मा २००३ ला आली तेव्हा ऋतिक रोशनची जाहिरात लागायची आणि आमच्या कॉलेजच्या गेटवर एक उभी राहिली की पोरं वर्ग सोडून बघायला यायची. त्या वेळी आपल्याकडं १५० सीसी म्हणजे मोठी गाडी, आणि ही एकदम २२३ सीसी. पण खरी गंमत नंतर कळली, ह्या इंजिनाचं घराणं होंडाच्या सीआरएफ २३० ह्या मातीतल्या गाडीचं. बोअर (सिलिंडरची रुंदी) ६५.५, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ६६.२ मिलीमीटर, म्हणजे स्ट्रोक बोअरपेक्षा जरासा जास्तच, त्यामुळं ही गाडी वर रेस खाऊन पळत नाही, खालूनच ओढते. टॉपवर टाकून चाळीसवर आणली तरी कुरकुर न करता परत उचलते. ट्रॅक्टरच्या मागं रांगत जायचं आणि जागा मिळाली की निघायचं, आपल्या रस्त्यावर सतराशे साठ वेळा हेच करावं लागतं.

आणि २००९ ला झेडएमआर आली तेव्हा इंजिन तेच राहिलं हे लोकांच्या ध्यानात येत नाही. पूर्ण फेअरिंग, म्हणजे गाडीभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण, बघून वाटतं वेगळीच गाडी आहे. आत तेच २२३ सीसी, पाचच गियर, ताकद १७ पीएसच्या (हॉर्सपॉवरसारखंच माप) जागी जराशीच जास्त. बदललं काय तर कार्बोरेटर गेला आणि एफआय, म्हणजे पंपानं पेट्रोल फवारणारं फ्युएल इंजेक्शन, आलं, ऑइल कूलर आला, मागं ड्रमच्या जागी डिस्क आली, मीटर डिजिटल झालं, आणि वजन दीडशेवरून १५९ किलोवर गेलं. म्हणजे दोन गाड्यांमधला निवाडा हा खरं तर ह्या चार-पाच गोष्टींचा निवाडा आहे, बाकी भाऊ-भाऊच.

जुनी मी नेकनूरच्या रस्त्यावर चालवली. सकाळचा गारवा होता, चोक ओढून चालू केली, दोन मिनिटं घेतली तिनं, मग असा काही आवाज लागला की काय सांगावं. हँडल हातात आपोआप येतं, ना फार वाकायचं ना सरळ बसायचं. सत्तर-ऐंशीला तर पाण्यासारखी चालते. नव्वदच्या पुढं गेलं की हवा छातीवर यायला लागते, पुढचा मास्क लहान आहे, आणि तासभर तसं चालवलं तर मान आणि खांदे बोलायला लागतात. मागचा ड्रम ब्रेक बरा आहे, पण मांजरसुंब्याचा घाट उतरताना मागं माणूस बसलेलं असलं की भरवसा पुढच्या २७६ मिलीमीटरच्या डिस्कवरच ठेवावा लागतो. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, दोन्हीत नाही, तो नियम १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना लागला २०१९ ला.

झेडएमआर लातूर-रेणापूर रस्त्यावर, भर दुपारी, मुद्दाम. मालक म्हणाला, "दादा, उन्हात कशाला, संध्याकाळी या की." मी म्हणलं मला उन्हातच बघायचीय. कारण एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं बेचाळीसच्या वर जातं, आणि नुसत्या हवेवर थंड होणारं इंजिन बीडच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की तापतं, गियर जड पडायला लागतात, न्यूट्रल सापडत नाही. ऑइल कूलर काय जादू करत नाही, पण तेल एकदा जाळीतून फिरून गार होऊन परत जातं, आणि बरंच चालवून रेणापूरच्या चौकात थांबलो तरी न्यूट्रल एका टाचेत पडलं. आणि फेअरिंग! नव्वदला काचेच्या मागं जरासं वाकलं की एकदम शांत. हवा डोक्यावरून जाते, खांद्यावर काही येत नाही. मागून बायको म्हणाली, "ह्याच्यावर बसून मी संभाजीनगरला येईन, त्या दुसरीवर बीडपर्यंतच." तिचं मत मी अर्ध्याच्या वर धरतो, कारण मागं तीच बसणारय.

आता दुसरी बाजू, आणि ती लई महत्त्वाची आहे.

कार्बोरेटर कोणालाही खोलता येतो. नेकनूरच्या फाट्यावरचा मिस्त्री असो का पाचोडचा, जेट साफ करून देईल, दीडेक तासात माणूस परत रस्त्यावर. एफआयचं तसं नाही. पंप टाकीत असतो, त्याला बॅटरी धडधाकट लागते, बॅटरी उतरली की कार्बोरेटरची गाडी ढकलून तरी चालू होते, हिचा पंपच फिरला नाही तर ढकलून घाम तेवढा येतो. पेट्रोल पार तळाला नेत राहिलं तर पंप तापतो. इथल्या गॅरेजवाल्या उस्तादांना विचारलं, ते करिझ्मा दिसली की आजही हातातलं काम सोडून येतात, तर ते म्हणाले, "चावी फिरव, सूं असा आवाज आला पाहिजे आणि एफआयचा दिवा लागून विझला पाहिजे. विझला नाही तर गाडी कितीही चकाचक असू दे, हात जोड आणि ये परत." लातूरच्या गाडीचा दिवा विझला. तीनदा चावी फिरवून बघितली.

दुसरं, फेअरिंग. छोट्या कामाला बी चार पॅनल उतरवावे लागतात, आणि आधीच्या मिस्त्रीनं क्लिपा तोडून स्क्रू मारलेत दोन ठिकाणी. कंपनीनं ही गाडी बनवायचंच बंद केलंय, त्यामुळं नवा पॅनल मिळणं नशिबावर. जुन्या करिझ्माला हा ताप कमी आहे.

तिसरं, कागद. २००६ वालीची पंधरा वर्षं कधीच संपलीत, री-पासिंग करून ग्रीन टॅक्स भरून पाच वर्षं वाढवून घेतलेत त्या काकांनी, कागद चोख. झेडएमआरची पंधरा वर्षं २०२७ ला भरतील, म्हणजे ते काम माझ्याच गळ्यात. आणि ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, हे दोघींच्याही काळातलं नाही. रबरी पाइप, गॅस्केट ह्यांच्यावर लक्ष ठेवावंच लागणार, आणि गाडी महिना-महिना उभी ठेवायची नाही.

२०१४ नंतरची झेडएमआर पण एकानं सुचवली होती, होंडा हिरोपासून वेगळी झाल्यावर हिरोनं नव्यानं काढलेली, ताकद २० बीएचपीपर्यंत नेलेली. कागदावर भारी. पण तिच्यात सीट दोन तुकड्यात आहे, मागचं माणूस उंचावर आणि थोड्याशा जागेवर, त्यामुळं माझ्या कामाची नाही. आणि २०२३ ची करिझ्मा एक्सएमआर तर वेगळीच जात, २१० सीसी, पाण्यावर थंड होणारी, सहा गियर, २५.५ पीएस, एबीएस, सगळं आहे. शोरूममध्ये जाऊन बसून आलो, गाडी सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण ताकद मिळते ९२५० आरपीएमला आणि टाकी ११ लिटरची. जुन्या दोघींची १५ च्या घरात. अ‍ॅव्हरेज पस्तीस जरी धरलं तरी अंबाजोगाईहून भरून निघालं की संभाजीनगरला जाऊन परत घरी. रात्री परतताना पंप शोधायचा नाही, ह्या गोष्टीची किंमत ज्यानं गेवराई-बीड पट्ट्यात दहा वाजता काटा खाली गेलेला बघितलाय त्यालाच कळते.

तर मन माझं केजवाल्या गाडीवर आहे. कॉलेजच्या गेटवरची तीच ना ती. काकांनी तिच्यावर हात फिरवत सांगितलं की पोरगं पुण्याला आहे आणि त्याला नको, तेव्हा मला घशात काहीतरी आलं. पण ती गाडी पन्नास-साठ किलोमीटरच्या माणसाची आहे, सकाळी निघून दुपारी घरी येणाऱ्याची. माझं अंतर वेगळं, ऊन वेगळं, आणि मागं माणूस आहे. मला झेडएमआरच घ्यायला पाहिजे.

उद्या लातूरला फोन करून सांगायचं: बॅटरी नवी टाकून द्या नाहीतर तेवढे पैसे कमी करा. ऑइल कूलरच्या पाइपाच्या जोडाला जरासा ओलावा दिसला, तो उस्तादांच्या समोर खोलून बघणार. चेन स्प्रॉकेट संपलंय, ते मी टाकीन. नवी नंबर प्लेट अजून बसवलेली नाही, ती त्यांनीच बसवायची, मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि टीटी (गाडी नावावर होणं) होऊन एमएच ४४ च्या, म्हणजे आपल्या अंबाजोगाईच्या आरटीओ ऑफिसात नाव लागल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. केजच्या काकांना फोन नको, त्यांच्याकडं जाऊनच सांगतो. आमच्या शाळेतले एक सर जुनी करिझ्मा शोधायलेत, रोजचं वीस किलोमीटर जाणं-येणं आहे त्यांचं, त्यांना सोबत घेऊन जातो.