कुठे उतरणार?

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

आज विचारलं एकदाचं.

मुंबईबाहेरच्या कुणाला सांगितलं तर हसेल, म्हणून आधी पद्धत लिहून ठेवते. लोकलच्या लेडीज डब्यात शिरलं की बसलेल्या एकेकीला विचारायचं, 'कुठे?' ती म्हणणार, 'दादर.' मग विचारायचं, 'कोणाला दिलीय का?' नसेल दिली तर दादरपासून ती सीट तुमची. मध्येच कुणी घुसायला लागली तर उठणारीच तिला सुनावते, 'यांना दिलीय.' पावती नाही, नंबर नाही, सगळा तोंडी व्यवहार. आणि माझं तर तोंडच उघडत नाही.

त्यामुळे भांडुप ते सीएसटी, अकरा वर्षं, मी उभी. माझ्यानंतर विक्रोळीला चढलेल्या पोरी घाटकोपरला बसतात आणि मी त्यांच्या डोक्यावरचं हँडल धरून असते. कानात इअरफोन. गाणं चालू नसतं. इअरफोन असले की कुणी बोलायला येत नाही, एवढाच त्यांचा उपयोग.

लहानपणी आई मला मुखदुर्बळ म्हणायची, आजी म्हणायची बुजरी. शाळेत १ ऑगस्टला टिळकांवर भाषण होतं. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' इथपर्यंत पोचले आणि समोरचे बालमित्र दिसले. पुढचं भाषण अजून व्हायचंय.

लाजरेपणाचं मला वाईट वाटत नाही. लाजरी माणसं मला आवडतात. पण लाजणं निराळं आणि चार दिवसांवरच्या बारशाच्या नुसत्या विचाराने पोट बिघडणं निराळं. पाकिटात सुट्टे तयार असूनही कंडक्टरला स्टॉपचं नाव सांगावं लागेल म्हणून मी स्टेशनपर्यंत चालत गेलेली आहे, तेही जुलैत. आणि लोकांना यातलं काय दिसतं? शिष्टपणा. 'भाव खाते' हे मी माझ्याबद्दल माझ्या कानांनी ऐकलंय. (इअरफोन होते ना. त्यांना वाटलं ऐकू येत नाही.)

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या मनोविकारांच्या यादीत याला 'सोशल फोबिया' म्हणून जागा दिली. म्हणजे मी जन्मायच्या सात वर्षं आधी. भांडुपपर्यंत पोचायला मात्र त्याला बराच वेळ लागला. गेल्या पावसाळ्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझं नाव पुकारलं आणि मी 'नेटवर्क नाही' असं टाईप केलं. समोरासमोरची मीटिंग होती! त्यानंतर नवऱ्याने, महेशनेच, ठाण्याच्या समुपदेशक मॅडमची वेळ घेतली. फोन त्यानेच केला, हे सांगायला नकोच.

पहिल्याच दिवशी मॅडमनी इअरफोन पकडले. म्हणाल्या, याला सेफ्टी बिहेवियर म्हणतात. भीतीपासून वाचायला आपण जी काठी धरतो, तीच भीतीला धरून ठेवते. 'इअरफोनमुळे वाचले' असं वाटतं, त्यामुळे नसते तरी काही झालं नसतं हे कधी कळतच नाही. पटलं. काढले मात्र नाहीत.

मग त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातला एक प्रयोग सांगितला, २००० साली छापून आलेला. एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो नावाच्या गायकाचा फोटो असलेला टी-शर्ट घालायला लावून मुलांनी भरलेल्या खोलीत पाठवायचं. कॉलेजच्या पोरांत तो गायक म्हणजे नाचक्कीच. घालणाऱ्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्या लोकांनी तरी फोटो ओळखला असेल. प्रत्यक्षात ओळखला होता जेमतेम पाव लोकांनी. तात्पर्य काय, तर लोक आपल्याकडे आपल्याला वाटतं त्याच्या जेमतेम निम्मं बघत असतात. मी मान डोलावली. पण मनात म्हटलं, त्या मुलांनी आमची चाळ पाहिलेली नाही. आमच्याकडे शंभरातल्या दीडशे जणांना टी-शर्ट कुठून आणि केवढ्याला घेतला तेही ठाऊक असतं.

मला खरा धीर आला तो अल्बर्ट एलिसच्या गोष्टीने. विवेकनिष्ठ उपचारपद्धती काढली तो हाच. एकोणीस वर्षांचा असताना हा इतका बुजरा होता की मुलींशी बोलताच यायचं नाही. मग त्याने न्यूयॉर्कमधल्या एका बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जाऊन बाकावर बसलेल्या शंभर अनोळखी बायकांशी बोलायचं ठरवलं, आणि बोलला. एकजण पुन्हा भेटते म्हणाली, ती आलीच नाही. पण एकीनेही पोलीस बोलावले नाहीत! पुढे तो आपल्या पेशंटना लाज घालवायचे गृहपाठ द्यायचा. त्यातला एक म्हणजे भरल्या सबवेत मोठ्याने स्टेशनांची नावं पुकारायची. 'आपल्याकडे ते डब्यातल्या स्पीकरमधली बाईच करते,' मी म्हटलं. मॅडम हसल्या. मी केलेल्या विनोदाला परकं माणूस हसल्याचं मला तरी दुसरं आठवत नाही. त्यांनी तिथेच गृहपाठ लिहून दिला. एका स्टेशनाआधी, एका बाईला, एक प्रश्न. आणि आधी वहीत लिहायचं, भीती शंभरपैकी किती.

आज सकाळी लिहिलं होतं, पंच्याऐंशी.

८:२३ ची स्लो. समोरच्या बाकावर खिडकीला एक काकू, हातात लाल कव्हरचं चिमुकलं स्तोत्र, ओठ हलतायत. शेजारी कॉलेजची मुलगी, कानात इअरफोन. काकूंना स्तोत्रात अडवणं शक्य नव्हतं, म्हणजे उरली मुलगी. कांजूर ते विक्रोळी मी वाक्य घोटत होते. 'कुठे उतरणार?' की 'आप कहाँ उतरेंगी?' ताई म्हणायचं, की लहान दिसते म्हणून नुसतंच? मागे कुणीतरी फोनवर बोलत होती, 'हाँ, बहोत भीड है आज.' हिंदीत भीड म्हणजे गर्दी. मराठीतली भीड कानशिलं तापवते, जीभ टाळ्याला चिकटवते. भीड भिकेची बहीण, आजी म्हणायची. मला दोन्ही भाषांतल्या भिडेत उभं राहून विचारायचं होतं.

विचारलं. ऐकू गेलं नाही.

पुन्हा विचारलं. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

तिसऱ्यांदा जरा जोर लावला आणि नेमकी त्याच क्षणी 'पुढील स्टेशन, घाटकोपर' म्हणून ती बाई थांबली. त्या शांततेत माझं 'कुठे उतरणार?' अख्ख्या डब्याला ऐकू गेलं. चार माना वळल्या. (कॉर्नेलवाल्यांना कळवायला हवं.) मुलीने इअरफोन काढले, त्यांच्यातूनही गाणं ऐकू आलं नाही, आणि ती माझ्यापेक्षा घाबरून म्हणाली, 'सीएसटी.'

म्हणजे इतकं करून शेवटचं स्टेशन! मी परत हँडलकडे वळणार, तेवढ्यात काकूंनी ओळ चुकू नये म्हणून तिच्यावर बोट ठेवलं आणि वर न बघताच म्हणाल्या, 'मी कुर्ल्याला. तू बस.' बोट उचललं, ओठ पुन्हा सुरू.

कुर्ला ते सीएसटी मी बसून गेले, तेही खिडकीशी. माटुंग्याच्या अलीकडे उजव्या हाताला रेल्वेचं एवढं मोठं वर्कशॉप आहे. अकरा वर्षांत मी ते नीट पाहिलंच नव्हतं. उभ्या माणसाला खिडकीतून फक्त रूळ दिसतात.

भीती नंतर किती, तेही लिहायचं असतं. चाळीस लिहिलं होतं. पण दादरला दरवाजाजवळच्या ग्रुपमधली एकजण वाकून म्हणाली, 'अगंबाई, तू बोलतेस की! आम्हाला वाटायचं, तुला आमचं वावडं आहे. उद्या डब्यात हळदीकुंकू आहे, रथसप्तमीच्या आत उरकायचंय. साडी नेसून ये. आणि उखाणा घ्यायचा हं, सुटका नाही.'

पुन्हा पंच्याऐंशी.

१२:१०

झोप नाही. मघापासून तेच रवंथ चाललंय. 'तू बस' म्हणाल्यावर मी काकूंना थँक्यू म्हटलं का? म्हटलं असेन. मनातल्या मनात म्हटलं असेन तर? महेशला हलवून विचारलं. तो म्हणाला, 'त्या आत्ता घोरत असतील,' आणि स्वतः घोरायला लागला.

उखाणा आहे माझ्याकडे. तीन वर्षांपासून फोनमध्ये लिहून ठेवलाय. दर वर्षी हळदीकुंकवाच्या दिवशी मी गाडी बदलते, म्हणून तो तसाच पडून आहे.

विक्रोळी गेलं, घाटकोपर आलं, गर्दी झाली फार,
महेशचं नाव घेते, सोडा आता दार.

दार तीनदा म्हणून पाहिलं, आवाज न करता. हिरवी साडी खुर्चीवर काढून ठेवलीय. ८:२३ नंतरची गाडी ८:३१ ची आहे, तीही बघून ठेवलीय.